नवे पेन्स

पंधरा फेब्रुवारी, सोमवार.
दुकान उघडलं तर दारात मिसेस हॅल्सॉप,
मुठीत चार जड पेनी.
एकीवरची व्हिक्टोरिया राणी इतकी झिजलेली
की नाकडोळे गेलेत, अंबाडा तेवढा उरलाय.
"चालतील ना गं अजून?"
चालतील म्हटलं, थोडे दिवस,
आणि गल्ल्यावर टांगलेल्या सरकारी तक्त्यात
बोट फिरवत बसले.

अठरा पेनी म्हणजे दीड शिलिंग,
तीस म्हणजे अडीच.
आईनं छडी घेऊन पाठ करून घेतलेलं,
झोपेत विचारा, सांगेन.
आता शेजारचा आठ वर्षांचा ट्रेव्हर
काउंटरवर कोपरं टेकवून मला शिकवतो,
दोनशे चाळीसचा पौंड शंभराचा कसा झाला ते,
आणि शिकवण्याची फी म्हणून
लिकोरिसची एक कांडी उचलतो.

क्लिफर्डला यातलं काही विचारायची सोय नाही.
चार तारखेला रोल्स-रॉइस बुडाली.
डर्बीत हे वाक्य कुणाला नीट उच्चारता येत नव्हतं.
तो बुटाच्या नाड्या सोडत होता,
रेडिओ ऐकला आणि त्याच नाड्या परत बांधल्या,
बांधून बसून राहिला जेवणापर्यंत.
अजूनही सातला सायकल काढतो,
विमानाच्या इंजिनाची पाती घासून येतो.
कुणासाठी, ते मी विचारत नाही.
सासऱ्यांचे शेअर्स कपाटात आहेत,
चांगल्या चादरींच्या खाली, इस्त्री केल्यासारखे.

कोपऱ्यावरची लाल पेटी तोंड शिवून उभी.
पोस्टवाले जानेवारीपासून संपावर.
आमचा पोस्टमन विल्फ्रेड गॅरिटी
अंगात साधा कोट घालून येतो
तेव्हा क्षणभर ओळखू येत नाही.
तंबाखू उधारीवर नेतो.
मी वही उघडते: "जुन्यात लिहू की नव्यात?"
तो म्हणतो, "फिटेल तेव्हा जे चालत असेल
त्यात लिही, हिल्डा."
दोघं हसलो. मग त्यानं
तंबाखूची पुडी परत काउंटरवर ठेवली,
म्हणाला, अर्धीच दे.

मार्चमध्ये संप मिटला. हाती फारसं लागलं नाही.
विल्फ्रेडनंच आणून दिलं आयव्हीचं पत्र,
ग्लासगोहून, एकोणीस जानेवारीचं.
सात आठवडे कुठल्यातरी गोणीत
अंधारात पडून राहिलेलं.
वरचं तिकीटसुद्धा जुन्या पैशांतलं.

"तू आलीस, बरं वाटलं," लिहिलंय.
"अलिस्टरचा एक बूट अजून सापडत नाही.
मॅच बघून निघालेली पोरं त्या जिन्यावर
एकावर एक पडली, तेव्हा पायांतले बूट निघाले,
असं सांगतात.
मी दोनदा जाऊन विचारून आले.
सतरा वर्षांचा, पण पाय बापापेक्षा मोठा,
ओळखायला सोपा.
फुलांचे पंधरा शिलिंग तू दिलेस,
ते माझ्या लक्षात आहेत.
सोबत पोस्टल ऑर्डर आहे. नाही म्हणू नकोस."

जानेवारीत मी नाही म्हणाले असते.

बुधवारी दुपारी दुकान बंद ठेवून पोस्टात गेले.
रांग रस्त्यापर्यंत.
खिडकीमागच्या मुलीनं ऑर्डर उलटसुलट पाहिली,
शिक्का मारला, सरकवले:
सातकोनी पन्नासचं एक नाणं,
दोन दहाची, एक पाचचं.
पंचाहत्तर.
मी तक्ता न बघता मोजले, बरोबर होते.
पन्नासच्या नाण्याचे कोपरे
हातमोज्यातूनही बोटांना लागत होते.

रात्री क्लिफर्डनं विचारलं,
"जुन्यात किती झाले?"
पंधरा, म्हटलं. फुलांचे.
त्यानं मान हलवली आणि
चहाचा कप बशीत आडवा करून ठेवला.

घर गार पडलं होतं.
पाचचं नाणं मी गॅसच्या मीटरमध्ये टाकलं.
आकार तोच ना, शिलिंगचा.
खट् झालं. मीटरनं शिलिंगच समजून घेतलं.